ल्युपस असलेल्या पत्नीचा विसराळूपणा: घरच्यांनी मदत किती आणि कशी करावी?

कृष्णाकाठ:

नमस्कार. माझ्या पत्नीला (वय ३८) २०१८ मध्ये ल्युपसचे, म्हणजे एसएलईचे, निदान झाले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. सुरुवातीला सांधेदुखी, चेहऱ्यावरचे चट्टे आणि लघवीतून प्रथिने जाणे असा त्रास होता. उपचारांनी तो आटोक्यात आला असून गेल्या वर्षभरातले तिचे रक्ताचे आणि लघवीचे अहवाल समाधानकारक आहेत. सध्या ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मायकोफेनोलेट आणि रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेते. शिवाय अंगदुखीमुळे झोप लागत नाही म्हणून रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि खाज सुटली की औषधाच्या दुकानातून आणलेली अ‍ॅलर्जीची गोळी, असेही चालू असते.

आताची तक्रार वेगळी आहे. ती सांगलीतील एका पतसंस्थेत लेखा विभागात काम करते. रोजकीर्द (दिवसाच्या व्यवहारांची नोंदवही) लिहिणे, खतावणी (त्या नोंदी खातेवार उतरवणे) करणे आणि तेरीज (सर्व खात्यांच्या जमा-नावे बाजूंचा ताळा) जुळवणे हा तिच्या हातचा मळ होता. अलीकडे मात्र एकच नोंद तिला दोन-तीनदा वाचावी लागते, मध्येच कोणी खातेदार काही विचारून गेला की आपण कोणत्या ओळीवर होतो ते सापडत नाही, आणि संध्याकाळी तेरीज जुळली नाही की ती रडकुंडीला येते. घरी बोलताना अगदी साधे शब्द अडतात. परवा ‘किसणी’ हा शब्द न आठवल्याने तिने हातानेच किसण्याची खूण केली आणि मुले हसल्यावर ती जेवायला बसली नाही. सकाळची गोळी घेतली की नाही, यावरून तर रोज वाद होतो.

माझ्या आईला हे सारे लक्ष नसल्याचे लक्षण वाटते, तर नातेवाईक नोकरी सोडण्याचा सल्ला देतात. मी तिच्या गोळ्या काढून देणे, फोनवर तिच्या वतीने बोलणे, हिशेब पाहणे असे एकेक काम स्वतःकडे घेतले आहे. पण त्यामुळे ती अधिकच चिडते. हा त्रास ल्युपसचा आहे, औषधांचा आहे, की स्मृतिभ्रंशाची ही सुरुवात आहे? आणि घरच्यांनी मदत नेमकी कोणत्या मर्यादेपर्यंत करावी?

अनुवादिका:

मला ल्युपस होऊन दशक उलटले आहे आणि शब्दांवरच माझे पोट असल्यामुळे, शब्द न आठवण्याची लाज काय असते हे मी चांगले जाणते. बाहेरून पाहणाऱ्याला आमच्यात काहीच दिसत नाही. चट्टे गेलेले असतात, सूज उतरलेली असते, आणि ‘आता तर बरी दिसतेस’ असे म्हणणाऱ्यांना आपले डोके दुपारी तीननंतर चालेनासे होते हे पटवून देणे फार अवघड जाते. म्हणून आपल्या आईंना सर्वांत आधी एवढेच सांगावे, की लक्ष देण्याची क्षमता ज्या आजारात खरोखरच कमी होते, त्यात ‘लक्ष दे’ असे सांगण्याचा उपयोग नसतो.

घरच्यांनी काय करावे याबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. आठवण ठेवण्याचे काम माणसाकडून काढून वस्तूंकडे द्यावे. ते पत्नीकडून काढून पतीकडे देऊ नये. गोळ्यांचेच पाहा. सात वारांची, सकाळ-संध्याकाळ वेगळे कप्पे असलेली डबी औषधाच्या दुकानात मिळते. रविवारी ती त्यांनी स्वतः भरावी. आपण हवे तर शेजारी बसावे. मग ‘गोळी घेतलीस का?’ हा प्रश्नच उरत नाही, कारण मंगळवार सकाळचा कप्पा रिकामा आहे की भरलेला हे दोघांनाही दिसते. आमच्याकडे रोजचे भांडण या डबीने मिटले. संशय आला तर दुसरी गोळी मात्र आपल्या मनाने घेऊ नये. कोणते औषध चुकले तर काय करायचे हे डॉक्टरांकडून एकदाच लिहून घ्यावे आणि तो कागद डबीच्या झाकणाला आतून चिकटवावा.

शब्द अडला की समोरच्याने तो ताबडतोब पुरवणे मला अपमानास्पद वाटत असे, आणि मुद्दाम न पुरवता माझ्या तोंडाकडे पाहत बसणे त्याहूनही वाईट. आमच्या घरी आता असे ठरले आहे, की मी हात वर केला तर शब्द सांगायचा, नाहीतर थांबायचे. दुसरे म्हणजे, ‘काल काय ठरले होते आठवते का?’ असे परीक्षेचे प्रश्न विचारू नयेत. ‘काल आपण गुरुवारी मिरजेला जायचे ठरवले होते’, असे सरळ सांगून पुढे बोलावे. मुलांनाही हे शिकवता येते. मुले मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

एक निरीक्षण आणखी. उन्हातून आल्यावर, रात्री झोप न झाल्यावर आणि आजार उसळण्याच्या आधीच्या दिवसांत माझा गोंधळ ठळकपणे वाढतो. त्यांनी किती वाजता, कशानंतर जास्त त्रास झाला याच्या दोन-दोन ओळी काही आठवडे लिहून ठेवल्या, तर डॉक्टरांनाही त्यातून बरेच कळेल.

रुग्णकक्ष:

मी एमडी मेडिसिन असून माझ्याकडे ल्युपसचे बरेच रुग्ण येतात. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही आपल्या प्रश्नातील काही गोष्टींवर निश्चितपणे लिहिता येईल.

ल्युपसमध्ये विचारशक्तीवर परिणाम होतो, हे वैद्यकाने मान्य केलेले आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍युमॅटॉलॉजी या संस्थेने १९९९ मध्ये ल्युपसमुळे होणाऱ्या मज्जासंस्थेच्या आणि मानसिक विकारांचे १९ प्रकार निश्चित केले, त्यांत बोधात्मक क्षमतेतील (लक्ष, स्मरण, विचार यांतील) बिघाड हा एक स्वतंत्र प्रकार आहे. तो किती रुग्णांत आढळतो याचे आकडे चाचणीनुसार बदलतात. निरनिराळ्या अभ्यासांत ते साधारण २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत गेलेले दिसतात. सर्वाधिक फटका बसतो तो लक्ष टिकवणे, माहिती हाताळण्याचा वेग, एखादी गोष्ट डोक्यात धरून ठेवत दुसरे काम करणे आणि नेमका शब्द शोधणे या क्षमतांना. रोजकीर्दीची ओळ हरवणे आणि किसणीला शब्द न सापडणे या दोन्ही गोष्टी या वर्णनात बसतात. अल्झायमरमध्ये जशी सतत घसरण होत जाते, तसे ल्युपसमध्ये सहसा घडत नाही. बहुतेकांचा त्रास कमी-जास्त होत राहतो किंवा आहे तेथेच स्थिरावतो. त्यामुळे स्मृतिभ्रंशाची भीती आत्ताच मनात घेऊ नये.

कारणे मात्र एकाहून अधिक असतात, आणि काहींवर सरळ उपाय आहेत. काही रुग्णांत मेंदूतील पेशींना बाधा आणणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार होतात. काहींत अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते. या दुसऱ्या गटाची रक्ततपासणी पूर्वी झाली नसेल तर करून घ्यावी, आणि ती सकारात्मक आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. याखेरीज थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, क्रिएटिनिन आणि साखर पाहावी. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास सापडते आणि तिचा दोष विनाकारण ल्युपसवर जातो. नैराश्याबद्दलही स्पष्टपणे विचारले गेले पाहिजे, कारण आपल्याकडे ते ‘चिडचिड’ या नावाखाली दडून राहते.

आपण ओघात लिहिलेला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रात्रीचे अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि दुकानातून आणलेली अ‍ॅलर्जीची गोळी यांचा एकत्र विचार व्हायला हवा. त्या गोळीत फेनिरामाइन किंवा क्लोरफेनिरामाइन असेल, तर ही दोन्ही औषधे गुंगी आणतात आणि स्मरणासाठी लागणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाच्या आड येतात. एकटे असताना जे औषध सोसले जाते, तेच दुसऱ्याच्या जोडीने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोके जड ठेवते. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. पण पुढच्या भेटीला घरातील सगळी पाकिटे, दुकानातून परस्पर आणलेली सुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावीत. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे, पण ५ मिलिग्रॅम हे कमी प्रमाण आहे, तेव्हा त्याच्यावर खापर फोडण्याची घाई नको. झोपेत घोरणे आणि दचकून जागे होणे असेल तर तेही सांगावे.

एमआरआयबद्दल गैरसमज फार आहेत. तो अनेकदा अगदी स्वच्छ येतो, आणि म्हणून ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. ओपीडीत मोका नावाची ३० गुणांची छोटी चाचणी घेता येते. परंतु शिकलेला, हिशेबात तरबेज माणूस तीत चांगले गुण मिळवूनही प्रत्यक्ष कामात अडखळू शकतो. अशा वेळी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (स्मरण, लक्ष अशा मेंदूच्या क्षमता तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून) तासभर किंवा अधिक चालणारी सविस्तर चाचणी करून घेणे उपयुक्त ठरते. अल्झायमरमध्ये वापरले जाणारे मेमँटिन ल्युपसच्या रुग्णांवर अजमावले गेले होते, पण त्याचा ठोस लाभ दिसला नाही. म्हणजे या त्रासावर एखादी खास गोळी आज आपल्याकडे नाही.

एक इशारा. हळूहळू वाढणारा विसराळूपणा आणि अचानक झालेला गोंधळ या भिन्न गोष्टी आहेत. आकडी येणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोबडी वळणे, कधी नव्हे अशी तीव्र डोकेदुखी, भास होणे किंवा तापाबरोबर बरळणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच वेळी रुग्णालय गाठावे. मायकोफेनोलेटसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्या माणसाला मेंदूचा जंतुसंसर्गही होऊ शकतो, त्यामुळे ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणू नये.

परसबाग:

आमच्या ओळखीतील एकाला ब्राह्मी आणि गुळवेल यांच्या काढ्याने स्मरणशक्तीत खूपच फरक पडला. नैसर्गिक असल्यामुळे त्यात अपाय काहीच नाही, तेव्हा तीन महिने घेऊन पाहण्यास हरकत नसावी.

रुग्णकक्ष:

परसबाग, हरकत आहे, आणि ती आयुर्वेदाविषयीच्या दुजाभावातून नाही. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असते, आणि आपण ती औषधांनी मुद्दाम आवरून धरतो. प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठी प्रसिद्ध असलेले पदार्थ अशा रुग्णाने आपल्या मनाने घेणे धोक्याचे ठरू शकते. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची माहिती मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला आणि तो वाद बराच रंगला. तथापि ज्याला आधीच ऑटोइम्यून आजार आहे, त्याने वाद मिटण्याची वाट पाहत काढा पिणे मला शहाणपणाचे वाटत नाही. मेंदूसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘टॉनिक’नाही हेच लागू आहे. घ्यायचेच असेल तर बाटली आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी.

हातखंडा:

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणातही रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी मदत करते. अनुवादिका यांनी सांगितलेली डबी हा आमच्या शास्त्राचा गाभाच आहे, म्हणून मी फक्त पुढचे लिहिते.

साधने थोडी आणि पक्की असावीत. एक वही घरी, एक पर्समध्ये, शिवाय मोबाइलमध्ये तीन अ‍ॅप असे केले, की कोठे काय लिहिले हेच शोधावे लागते. एकच वही, तिला दोरीने बांधलेले पेन आणि मोबाइलमधील एकच कॅलेंडर पुरते. गजर लावताना त्याला नाव द्यावे. नुसता वाजणारा गजर माणूस बंद करतो आणि कशासाठी लावला होता हे विसरतो. पडद्यावर ‘वीज बिल, आज शेवटची तारीख’ असे उमटले तर काम होते. गॅस, कुलूप, गीझर यांसारख्या सवयीच्या क्रिया करताना ‘गॅस बंद केला’ असे मोठ्याने म्हणावे. हसू येईल, पण स्वतःचा आवाज ऐकला की ती क्रिया लक्षात राहण्याची शक्यता वाढते.

दिवसाची आखणी मात्र इतक्या सहज जमत नाही. डोके ज्या वेळी स्वच्छ असते, ते दोन-तीन तास बहुतेक स्त्रिया डबे, नाश्ता आणि सगळ्यांची आवराआवर यांत खर्च करतात आणि कामावर पोचेपर्यंत गंगाजळी संपलेली असते. घरच्यांनी खरी मदत करायची तर ती इथे करावी. पत्नीच्या वतीने फोनवर बोलण्यापेक्षा आपण सकाळचे डबे भरलेत, तर त्याचा उपयोग दहापट होईल. संध्याकाळी महत्त्वाचे बोलायचे असल्यास टीव्ही बंद करून, एका वेळी एकानेच बोलावे.

मोबाइलवरील ‘मेंदूचे खेळ’ खेळून माणूस त्या खेळांत तरबेज होतो, पण त्याची तेरीज त्यामुळे जुळत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांच्या संमतीने, ऊन उतरल्यावर रोज थोडे चालणे बरे; थकवा, झोप आणि मनःस्थिती या तिन्हींना त्याची मदत होते.

खतावणी:

मी सहकारी बँकेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे. आजाराबद्दल मला काही सांगता येणार नाही, परंतु नोकरी सोडण्याचा विचार करण्याआधी कामाची मांडणी बदलून पाहावी असे वाटते, कारण हिशेबाच्या कामात माणसाच्या स्मरणावर विसंबून न राहण्याच्या युक्त्या पूर्वीपासून रूढ आहेत.

नोंदी करताना ओळीखाली पट्टी ठेवावी आणि नोंद पूर्ण झाली की पेन्सिलीने खूण करावी. मध्येच कोणी हाक मारली, तर उठण्यापूर्वी पट्टी तेथेच ठेवून चिठ्ठीवर पुढच्या नोंदीचा पावती क्रमांक लिहावा. ही सवय आम्हाला उमेदवारीच्या काळात कानीकपाळी ओरडून लावली गेली होती. तेरीज जुळली नाही तर सगळ्या खतावण्या पुन्हा चाळत बसू नये. आधी फरकाचा आकडा पाहावा. त्याला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा अंकांची अदलाबदल झालेली असते. ५,३८२ च्या जागी ५,३२८ लिहिले गेले की फरक ५४ येतो. फरकाची निम्मी रक्कम त्या दिवशीच्या नोंदींत सापडली, तर ती नावेऐवजी जमेला किंवा जमेऐवजी नावे पडलेली असण्याची शक्यता मोठी. थकलेल्या डोक्याला नेमके कोठे शोधायचे हे कळले की निम्मा ताण उतरतो.

व्यवस्थापकांशी बोलताना ‘मला आठवत नाही’ अशी सुरुवात करू नये, कारण पैशांच्या व्यवहारात या वाक्याने विश्वास डळमळतो. काय हवे ते ठोसपणे मागावे: खातेदारांच्या खिडकीपासून दूरची जागा, जुळवणीचे काम दुपारऐवजी सकाळी, तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना आणि मोठ्या नोंदींवर दुसऱ्याची तपासणी. यातील शेवटची गोष्ट तर बँकांत मेकर-चेकर (एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची) या नावाने नेहमीची असते. ती मागण्यात कमीपणा नाही. मार्चअखेरीच्या धामधुमीत हा विषय काढू नये, लेखापरीक्षण आटोपल्यावर काढावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ल्युपसचे नाव नाही, त्यामुळे त्या कायद्याच्या नावाने मागणी करण्यापेक्षा डॉक्टरांचे पत्र आणि सामोपचार यांवर भर द्यावा, असे माझे मत आहे.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीने सगळे प्रतिसाद स्वतः वाचले. अ‍ॅलर्जीच्या गोळीच्या पाकिटावर क्लोरफेनिरामाइन हेच नाव निघाले. येत्या भेटीला सर्व पाकिटे बरोबर नेणार आहोत. अँटिफॉस्फोलिपिडची तपासणी २०१८ च्या फाइलमध्ये सापडली, पण ती एकदाच झालेली दिसते. वहीबद्दल तिची अट अशी, की ती फक्त तिचीच असेल आणि मी तिच्यात डोकावणार नाही. डब्यांचे काम मी घेतले आहे, त्यावर आईची नाराजी आहे, पण ते मी पाहून घेईन. व्यवस्थापकांना आजाराचे नाव सांगायचे की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही.

एक शंका राहिली. ती कामावर स्कूटरने जाते. तिने ती चालवावी का?

रुग्णकक्ष:

त्यांना कधीही आकडी आली असेल, तर न्यूरॉलॉजिस्टने लेखी परवानगी देईपर्यंत चालवू नये. तसे नसेल तर रात्रीच्या औषधाची गुंगी सकाळी उरते का, हा पहिला प्रश्न आहे. उरत असेल तर औषधांचा फेरविचार होईपर्यंत आपण त्यांना कामावर पोचवावे किंवा रिक्षा करावी. सिग्नल उशिरा लक्षात येणे, ओळखीचा रस्ता चुकणे किंवा थोडक्यात अपघात टळणे असे काही अलीकडे घडले आहे का, हे त्यांना शांतपणे विचारावे. घडले असेल तर थांबावे आणि सविस्तर चाचणीच्या वेळी हे मुद्दाम सांगावे. अँटिफॉस्फोलिपिडच्या जुन्या अहवालाची प्रत फाइलमध्ये सर्वांत वर लावावी, म्हणजे तपासणी पुन्हा करायची का हे त्याच भेटीत ठरेल.

हातखंडा:

यांपैकी काहीही नसेल, तर गर्दीची वेळ टाळून नेहमीच्याच रस्त्याने जावे, फोन पर्समध्ये बंद ठेवावा आणि संध्याकाळी थकवा असेल त्या दिवशी स्कूटर संस्थेतच ठेवून यावे. हा निर्णय रोज त्यांचा त्यांनी घ्यावा. त्यासाठी रिक्षाचे पैसे पर्समध्ये वेगळे ठेवलेले असावेत.